आयबी शाळेत टर्म संपतानाचे शेवटचे काही आठवडे : एका आईचा रिव्ह्यू

दर वर्षी जानेवारी-फेब्रुवारी आला की सोसायटीच्या ग्रुपवर तोच प्रश्न येतो, मुलांना आयबीला, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट बोर्डाच्या शाळेत, टाकावं का, एवढी फी भरून नक्की मिळतं काय. मी दर वेळी तुकड्या-तुकड्यात उत्तर देते आणि मग कोणीतरी फोन करून परत तेच विचारतं, म्हणून यावेळी सगळं एकदाच लिहून काढते. लेकीची पाचवी आत्ता संपली, म्हणजे प्रायमरीचं शेवटचं वर्ष, आणि धाकटा सीनियर केजीतून पहिलीत जाणार आहे. शाळा पुण्यात बाणेर-बालेवाडी भागातली आहे. नाव टाकत नाही, कारण मुलं अजून तिथेच शिकतायत आणि मला दोन-तीन गोष्टी खुपलेल्या आहेत त्याही लिहायच्या आहेत.

आधी एक महत्त्वाचं. नावात इंटरनॅशनल आहे म्हणून शाळा इंटरनॅशनल बोर्डाची असतेच असं नाही, पुण्यात नावात इंटरनॅशनल असलेल्या कितीतरी शाळा सीबीएसईच्या आहेत आणि त्यात काही वाईट नाही पण तुम्हाला माहीत तर हवं ना. आयबी ही संस्था १९६८ साली जिनिव्हात सुरू झाली, ती मोठ्या मुलांसाठी, आणि प्रायमरीचा प्रोग्राम, ज्याला पीवायपी म्हणतात, तो १९९७ पासूनचा. तीन ते बारा वर्षांच्या मुलांसाठी असतो. शाळा स्वतःला आयबी म्हणवते तेव्हा तिला मान्यता मिळालीये की ती अजून कँडिडेट आहे, म्हणजे मान्यता मिळायची बाकी आहे, हे विचाराच, आयबीच्या वेबसाइटवर शाळा शोधायची सोय आहे, पाच मिनिटांचं काम आहे. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाने हे न बघता अॅडमिशन घेतली आणि नंतर फार मनस्ताप झाला त्यांना.

आता टर्म संपतानाचं. माझं मत असं झालंय की शाळा बघायची असेल तर अॅडमिशनच्या वेळचा टूर बघू नका, तेव्हा सगळं चकाचकच असतं. टर्मचे शेवटचे आठवडे बघा. शिक्षक दमलेले असतात, मुलं कंटाळलेली असतात, वर्षभर जे शिकवलं ते खरंच मुरलंय का हे तेव्हा कळतं.

पीवायपीत शेवटच्या वर्षाला एक्झिबिशन असतं. एक्झिबिशन म्हणजे थर्माकोलचं मॉडेल ठेवून उभं राहायचं तसं नाही. चार-पाच मुलांचा गट, विषय त्यांनी स्वतः निवडायचा, त्यावर प्रश्न काढायचे, माणसांना भेटायचं, मोजमाप करायचं, शाळेतले एक शिक्षक मेंटर म्हणून सोबत, आणि शेवटी त्यावर स्वतः काहीतरी कृती करायची, नुसतं बोलून सोडायचं नाही. आमच्याकडे मार्चच्या मध्यापासून साधारण सात आठवडे हे चाललं. लेकीच्या गटाने रामनदी घेतली. बाहेरच्यांसाठी सांगते, ही नदी भुकूमच्या वरच्या बाजूला खाटपेवाडीकडून उगम पावते, भूगाव, बावधन, पाषाण, सोमेश्वरवाडी करत बाणेर-औंधकडे येऊन मुळेला मिळते. आम्ही रोज तिच्यावरच्या पुलावरून जातो आणि खरं सांगायचं तर लेकीने विषय घेईपर्यंत मी तिला नालाच म्हणत होते.

गटात चौघं. माझी लेक, एक तमिळ मुलगा, एक दिल्लीकडचा आणि एक कोरियन मुलगी, तिचे बाबा तळेगावकडच्या एका कंपनीत आहेत. पहिल्याच आठवड्यात मेंटर सरांनी त्यांना सांगितलं की इंटरनेटवरून मिळालेली माहिती मी मोजणारच नाही, नदीकाठच्या तीन माणसांशी बोलून या. मग एका शनिवारी मी, आणखी एक आई आणि ही चार मुलं अशी वरात सोमेश्वरवाडीला गेली. देवळाच्या जवळ एक आजी भेटल्या, तिथल्याच जुन्या, घरासमोर पापड वाळत घालत होत्या. लेकीने वही उघडली आणि लिहून आणलेला प्रश्न विचारला, आजी, तुम्ही या नदीचं पाणी शेवटचं कधी प्यालात?

आजींनी आधी तिलाच विचारलं, कुणाची गं तू? मग पापड उलटत उलटत थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, धाकटा पोटात होता तेव्हा. म्हणजे वर्ष नाही सांगितलं, पण हिशोब पक्का होता, धाकटा आता बेचाळीसचा आहे म्हणाल्या. मग सांगायला लागल्या की उन्हाळ्यात नदीच्या वाळूत झरा उकरायचा, पाणी निवळेपर्यंत थांबायचं आणि वाटीने हंड्यात भरायचं. पाणी निवळणं हा शब्द लेकीला माहीत नव्हता. मला खूप वाईट वाटलं त्या क्षणी, आणि आजींनी तो शब्द तिला हाताने दाखवला, गढूळ असं फिरवून आणि मग हात सावकाश खाली आणून, की असं गाळ खाली बसतो आणि वरचं स्वच्छ होतं ते निवळणं.

कोरियन मुलीला आणि त्या दोघांना मराठी येत नाही, म्हणजे लेकीला प्रत्येक वाक्य इंग्लिशमध्ये सांगावं लागत होतं. धाकटा पोटात होता याचं तिने व्हेन हर सन वॉज इन द स्टमक असं केलं आणि तसंच वहीत लिहिलं. सरांनी नंतर ते दुरुस्त केलं नाही, पॅनेलवर तसंच ठेवलं, म्हणाले तिने ऐकलेलं आहे ते, तिच्या शब्दात राहू दे. मला हे फार आवडलं. पूर्वी ती मराठी बोलायला लाजायची, घरी मी मराठीत विचारलं तर इंग्लिशमध्ये उत्तर यायचं, आणि त्या दिवशी गटातली तीन मुलं तिच्या तोंडाकडे बघत होती की आजी काय म्हणाल्या सांग. घरी येताना गाडीत ती सलग मराठीत बोलत होती.

मग त्यांनी पाणी भरून आणलं, तीन बाटल्या, एक भुकूमच्या वरून, एक पाषाणच्या पुढून आणि एक बाणेरच्या पुलाखालून. पीएचच्या पट्ट्या बुडवल्या, बाटलीमागे छापील कागद धरून अक्षरं दिसतात का ते बघितलं. पहिल्या बाटलीतून वाचता येत होतं, तिसरीतून मोठी अक्षरंसुद्धा नाही. २०१० च्या ऑक्टोबरमध्ये पाषाणला ढगफुटी झाली होती, दीड तासात १८० मिलिमीटरच्या वर पाऊस, तेव्हा याच नदीला पूर आला, ते त्यांनी आमच्या बिल्डिंगमधल्या जुन्या लोकांना विचारून लिहिलं. आणि कृती म्हणून काय करायचं यावर दोन आठवडे भांडले, अक्षरशः रडारड झाली, शेवटी त्यांनी आपापल्या सोसायटीचा सांडपाणी प्लांट चालू असतो का हे विचारायचं ठरवलं. आमच्या सेक्रेटरी काकांनी त्यांना खाली नेऊन दाखवला, तो चालू होता, पण त्यातलं पाणी बागेला वापरायची लाइन बंद पडली होती आणि बागेला टँकरचं पाणी जात होतं. चार मुलांनी सोसायटीच्या मीटिंगमध्ये उभं राहून ते सांगितलं. लाइन दुरुस्त झाली. दहा-अकरा वर्षांची मुलं आहेत हो ही.

आता जे खुपलं ते.

एक्झिबिशनच्या दिवशी लेकीने आजींना बोलावलं होतं. तिचाच हट्ट, कारण तिच्या म्हणण्याप्रमाणे निम्मं काम आजींचं आहे. मी आदल्या दिवशी शाळेला मेसेज टाकला होता. आजी नऊवारी नेसून, केसात फूल वगैरे माळून नातवाच्या स्कूटरवरून आल्या आणि गेटवर पंचवीस मिनिटं थांबल्या, कारण व्हिजिटर अॅपवर त्यांचं नाव नव्हतं आणि ओटीपीसाठी त्यांच्याकडे फोन नव्हता. सुरक्षेसाठी नियम हवेत, माझी स्वतःची मुलं आत आहेत, मला ते मान्यच आहे. पण मेच्या उन्हात सत्तरीच्या पुढच्या बाईंना खुर्ची द्यायला कुठला नियम आडवा येतो? मी पळत गेले तेव्हा त्या कट्ट्यावर बसलेल्या होत्या आणि मलाच म्हणाल्या, असू दे, मोठी शाळा आहे.

आत आल्या तर हॉलभर पॅनेल लावलेले, सुंदर काम, आणि सगळं इंग्लिशमध्ये. एक ओळ मराठी नाही. आजी चौथीपर्यंत शिकलेल्या आहेत, मराठी चांगलं वाचतात, त्यांनी पदर सावरत आपल्या फोटोखाली काय लिहिलंय ते बघितलं आणि वाचता येईना म्हणून फोटोवरच हात फिरवला. मला त्या जागी इतकं लाजिरवाणं वाटलं. त्यांच्याच तोंडचं सगळं तिथे लिहिलेलं होतं आणि त्यांनाच वाचता येत नव्हतं.

लेकीने ते बघितलं. तिची पाळी होती तेव्हा समोर दुसरे पालक उभे होते, परीक्षक म्हणून आलेल्या एक मॅडम होत्या, तिने सरळ सांगितलं की मी आता मराठीत सांगणार आहे, आणि सुरुवातीपासून सगळं, बाटल्या, पट्ट्या, पूर, सोसायटीची लाइन, मराठीत सांगितलं, आजींकडे बघून. अडखळली, दोन ठिकाणी शब्द सापडले नाहीत, निवळणं मात्र बरोबर वापरला. आजी मान डोलावत होत्या. कोरियन मैत्रीण बाजूला उभं राहून इंग्लिशमध्ये बाकीच्यांना सांगत होती, म्हणजे यावेळी उलटं.

हे लिहिताना अजून भरून येतं मला.

संध्याकाळी मी को-ऑर्डिनेटर मॅडमना भेटले, शांतपणे सांगितलं. त्यांनी गेटबद्दल माफी मागितली आणि पॅनेलबद्दल म्हणाल्या की आमच्या लक्षातच आलं नाही. मला ते उत्तर खरं वाटलं आणि म्हणूनच जास्त लागलं. कारण महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सगळ्या बोर्डांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी शिकवणं सक्तीचं आहे, शाळेत मराठी आहे, आठवड्याला तास आहेत, आणि आयबीचं स्वतःचं म्हणणं आहे की सात वर्षांपासून मुलाला आणखी एक भाषा शिकता यायला हवी. पण मराठीचा तास वेगळ्या खोलीत, वेगळ्या पुस्तकातून, एक्झिबिशनशी त्याचा काही संबंधच नाही. मराठीच्या बाई फार जीव लावून शिकवतात, त्यांना या प्रोजेक्टमध्ये कोणी बोलावलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी मात्र, एक्झिबिशन दोन दिवसांचं होतं, सकाळी गेले तर प्रत्येक पॅनेलच्या खाली हाताने लिहिलेला मराठी कागद चिकटवलेला होता. बाईंनी आणि मुलांनी शाळा सुटल्यावर थांबून लिहिले होते. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका होत्या आणि ते माझ्यासाठी त्या हॉलमधलं सगळ्यात देखणं काम होतं. याचे मार्क शाळेला द्यायलाच पाहिजेत, ऐकून घेतलं आणि एका रात्रीत केलं.

त्याच्या पुढच्या आठवड्यात स्टुडंट-लेड कॉन्फरन्स. नेहमीच्या पालकसभेत शिक्षक बोलतात आणि मूल खाली मान घालून उभं असतं, इथे मूल बोलतं, आपण ऐकायचं, शिक्षक बाजूला बसतात. चाळीस मिनिटं. लेकीने फाइल उघडून सप्टेंबरचा गणिताचा कागद काढला, त्यावर १/३ + १/४ = २/७ असं लिहिलेलं. मला वाटलं चुकून समोर आला. तर ती म्हणाली हा मीच निवडलाय, आणि मग कागदाची पट्टी घेऊन तिचे बारा भाग घडी घालून केले, चार भाग एका रंगात, तीन दुसऱ्या रंगात, सात झाले, म्हणून ७/१२, आणि बघ आई, २/७ तर एक तृतीयांशापेक्षाही कमी येतं, दोन गोष्टी मिळवून कमी कसं येईल? आपली चूक आईबाबांसमोर स्वतःहून काढून ठेवायची आणि ती का चूक होती ते सांगायचं, हे मला शाळेत असताना कधीच जमलं नसतं, आम्ही लाल शेरा असलेला पेपर दप्तराच्या तळाशी लपवायचो.

पण याच फाइलची दुसरी बाजूही सांगते. पाढे शाळा पाठ करून घेत नाही. मुलाला गुणाकार म्हणजे काय ते छान कळतं पण सात अठे म्हटलं की विचार करत बसतं. आम्ही पाढे घरी रोज रात्री जेवणानंतर म्हणून घेतले, तीसपर्यंत. अक्षर आणि शुद्धलेखनाचंही तेच, घरी लक्ष द्यावंच लागतं. माझ्या भावाचा मुलगा राज्य बोर्डाच्या शाळेत आहे, स्कॉलरशिपच्या परीक्षेला बसला, त्याचा हिशोबाचा वेग हिच्या दुप्पट आहे. उद्या बदली होऊन दुसऱ्या बोर्डात जायची शक्यता असेल तर हे नीट विचारात घ्या.

रिपोर्टमध्ये मार्क नसतात, नंबर नसतो. प्रत्येक विषयाखाली मूल कुठवर आलंय ते शब्दात आणि खाली वर्गशिक्षिकेचा परिच्छेद. सासूबाईंनी विचारलं पहिली आली का, तर काय सांगणार. पण लेकीच्या बाईंनी लिहिलेल्या परिच्छेदात एक वाक्य होतं की ती गटात शेवटी बोलते पण दुसऱ्याचं वाक्य पूर्ण होऊ देते. हे माझ्या मुलीला खरंच ओळखणारं माणूस लिहू शकतं. धाकट्याचा रिपोर्ट मात्र निराश करणारा होता, त्याच्या मित्राच्या रिपोर्टमधली तीन वाक्यं शब्दशः तीच, फक्त नाव बदललेलं. एवढी फी भरल्यावर पालक ते मान्य करणार नाहीत, मी तसं लिहून दिलंय.

स्पोर्ट्स डेबद्दल थोडक्यात. मेमध्ये ठेवायचाच नाही. सकाळी सातची वेळ दिली होती, पाहुण्यांची भाषणं लांबली आणि शेवटच्या रिले नऊच्या पुढे गेल्या, एका मुलाला चक्कर आली, नर्स जागेवर होती म्हणून निभावलं. डिसेंबरमध्ये घ्या, पुण्यात त्यासारखी हवा नाही. कॉन्सर्ट छान झाला, धाकट्याचा वर्ग बेडूक झाला होता, कॉश्च्युमचे बाराशे रुपये मात्र चार दिवस आधी कळवले आणि तेसुद्धा एका अॅपवर, वेळापत्रक दुसऱ्या अॅपवर, फोटो तिसऱ्यावर. नोकरी करणाऱ्या आईला तीन अॅप उघडून बघायला लावू नका हो. शुक्रवारचं न्यूजलेटर येतं त्यात सगळं एका जागी टाकलं तरी पुरे आहे, ते न्यूजलेटर मुलंच लिहितात आणि ते वाचण्यासारखं असतं, शेवटच्या अंकात लायब्ररीच्या हरवलेल्या पुस्तकांची यादी आणि प्रत्येक पुस्तक कोणाला का आवडायचं हे मुलांनी लिहिलं होतं, बरीच पुस्तकं परत आली म्हणे.

सुट्ट्यांचं एक दुखणं आहे ते नवीन पालकांना माहीत नसतं. आपल्या बाकीच्या नात्यातली मुलं एप्रिलअखेर मोकळी होतात, आमची शाळा मेच्या शेवटच्या शुक्रवारपर्यंत. माझं माहेर राजापूरकडचं. लेक आजोळी पोचते तेव्हा मामेभावंडं आंबे खाऊन, विहिरीत डुंबून, परत निघायच्या तयारीत असतात, हापूस संपलेला असतो, रायवळ आणि फणस उरलेले, आणि आठ दिवसांत पाऊस. बाबा दर वर्षी तिच्यासाठी पेंढ्यात वीस-पंचवीस आंबे राखून ठेवतात, त्यातले निम्मे तोवर खराब होतात. फीपेक्षा मला हे जास्त लागतं, कारण ही वर्षं परत येणार नाहीत.

शेवटच्या दिवशी मुलं एकमेकांच्या शर्टवर मार्करने लिहितात. कोरियन मैत्रिणीचे बाबा परत चाललेत, ती ऑगस्टमध्ये नसेल. तिने लेकीच्या शर्टच्या पाठीवर देवनागरीत लिहिलंय, निवळ. णं राहिलं. लेक म्हणते तसंच बरोबर आहे, आता ते नाव झालं तिचं. तो शर्ट धुवायला टाकायचा नाही अशी ताकीद मिळालीये घरात सगळ्यांना.

पाच पैकी चार देईन. एक मराठीसाठी कापला, तो पुढच्या एक्झिबिशनला परत द्यायची माझी तयारी आहे, को-ऑर्डिनेटर मॅडमनी सांगितलंय की पुढच्या वर्षीपासून मराठीच्या बाई मेंटर असतील आणि पॅनेल सुरुवातीपासून दोन्ही भाषांत. लिहून मागितलंय, आलं की इथेच टाकते. बघायला जायचं असेल तर ऑफिसला फोन करून एक्झिबिशनची तारीख विचारा, नवीन पालकांना येऊ देतात, फक्त नाव आदल्या दिवशी अॅपवर घालून घ्या आणि सोबत कोणी वयस्कर असेल तर गेटपर्यंत तुम्ही स्वतः या. धाकट्याची पहिलीची फी आम्ही भरली.